‘युअर मॅन’ म्हणजे नेमका कोण?

त्या सीझनमध्ये दर सोमवारी मी ऑफिसात पोचायचे ती हरूनच. म्हणजे हरलेला असायचा अमेरिकेतला एक व्यावसायिक फुटबॉल संघ, आदल्या दिवशी, आमच्यापासून समुद्रापलीकडे. पण आमचं पोट त्यांच्या मॅचवर चालायचं, त्यामुळे तोंडात आपोआप ‘आम्ही हरलो’ असंच यायचं. नवरा सकाळी विचारायचा, “काय, काल कितीने?” मी म्हणायचे, “गपचूप चहा पी.”

या अंकाच्या संपादकबाईंनी ‘तुम्ही तिकडे नक्की काय करायचात ते एकदा सगळ्यांना कळेल असं लिहा’ म्हणून मागे लागून हे लिहून घेतलं, ते बरंच झालं. माझ्या सासूबाई नाशिकला कितीतरी वर्षं लोकांना सांगत होत्या की आमची सून आयर्लंडला फुटबॉल खेळते. मी कधी दुरुस्त केलं नाही. खरं काम समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

तर आधी खेळ. अमेरिकन फुटबॉलचा आणि पायाचा संबंध फार थोडा. लांबुळका चेंडू हातात घेऊन पुढे सरकायचं, समोरच्यांनी अडवायचं. दोन्ही बाजू समोरासमोर ओळीत ओणव्या होतात, चेंडू सुटतो, की उठून काही सेकंद नुसती ढकलाढकली, शिट्टी, संपलं. मग सगळे उठतात, घोळका करून कुजबुजतात, आणि परत ओळीत. या काही सेकंदांच्या तुकड्याला ‘प्ले’ म्हणतात. मॅच चालते तीन-तीन तास, पण खरा खेळ त्यात चिमूटभर. बाकी वेळ बाप्ये कमरेवर हात ठेवून उभे असतात.

आमची कंपनी डब्लिनच्या सँडीफोर्ड भागात, तिथली लुआस ट्राम सुरू होऊन वर्षभर झालं असेल तेव्हाची गोष्ट. संघाने उंचावरून केलेलं मॅचचं चित्रण रविवारीच लाइनवरून आमच्याकडे यायचं. सोमवारी सकाळी आम्ही बसून त्याचे तुकडे करायचो, एक प्ले एक तुकडा, आणि प्रत्येकाला माहिती चिकटवायचो: कुठून सुरू झाला, कोणती चाल, काय झालं. मग कोचने बटण दाबून म्हणावं, ‘मला उजवीकडच्या फसलेल्या चाली दाखवा’, की त्या ओळीने हजर. हे काम डब्लिनला का, तर आम्ही कामाला लागायचो तेव्हा अमेरिका झोपलेली असायची. ते लोक उठून ऑफिसात येईपर्यंत सगळं तयार. पोळ्या लाटून डबा भरून ठेवावा, तसं.

गिऱ्हाइकं एकेक नग. एका कॉलेजच्या कोचने सांगून ठेवलं होतं की मी टोपी जमिनीवर आपटतानाचा भाग तेवढा काढून टाकत जा, माझी आई बघते. आम्ही काढत होतो. पुढे त्याचा संघ इतका हरायला लागला की टोपी काढून टाकल्यावर मागे फारसं काही उरेना. पण या सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे तो व्यावसायिक संघ. तो गेला असता तर आमच्यापैकी निम्म्यांना घरी बसावं लागलं असतं.

माझ्या हाताखाली पाच-सहा जण होते. त्यातला एक डेक्लन. पश्चिमेकडच्या एनिस गावचा, पोरवयापासून हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ खेळून हाडं खिळखिळी करून घेतलेला. माणूस लाखात एक, पण नाव म्हणून कोणाचं घ्यायचा नाही. त्याच्या बोलण्यात सगळे ‘युअर मॅन’. कँटीनमधला युअर मॅन, बातम्या वाचणारा युअर मॅन, आमच्या डायरेक्टरसाहेबांच्या पाठीमागे तेही युअर मॅन. नव्याने आलेला माणूस गोंधळतो, की हा कोण बुवा माझा माणूस? तर तसं काही नसतं. ‘तो तिकडचा गडी’, इतकाच अर्थ. मला मात्र कधी अडलं नाही, कारण आपण तरी काय वेगळं करतो? ‘आपला तो हा आला होता का?’ म्हणतो. आता तो ‘हा’ कुठे आपला असतो? वाण्याचा नोकरही आपला तो हा, आणि मंत्रीही आपला तो हा. त्यामुळे डेक्लनचं युअर मॅन माझ्या कानातून पहिल्या दिवसापासून सरळ आत गेलं, कुठे खरचटलं नाही. पुढचा सगळा घोळ या न खरचटण्यामुळेच झाला.

पलीकडच्या टोकाला रॉय होता, त्या संघाचा व्हिडिओवाला. फिल्मची रिळं डब्यात घालून विमानाने पाठवायचे तेव्हापासून त्याच संघात. दर सोमवारी आमच्या दुपारच्या जेवणाच्या सुमाराला त्याचा फोन यायचा, “गुड मॉर्निंग, डब्लिन.” मला वसुधा म्हणणं त्याला कधीच जमलं नाही, म्हणून मी डब्लिन. कामाचं बोलून झालं की बायकोचं सांगायचा. तिचा आजार लांबलेला होता, आणि उपचार सगळा त्याच्या नोकरीच्या विम्यावर. “अजून थोडी वर्षं रेटायचीत, डब्लिन,” म्हणायचा. “तोवर मला इथून कोणी हलवू नये.”

आणि नेमके त्याच वर्षी नवे कोच आले. आमच्या धंद्यात नवे कोच म्हणजे नवी भाषा. जुन्या कोचने चालींना झाडांची नावं दिलेली होती, यांनी आल्याआल्या ती पुसून गावांची दिली. चाल तीच, नाव वेगळं. आम्ही अख्खा उन्हाळा जुन्या तुकड्यांवरची नावं बदलण्यात घालवला. खेळाडूंना मात्र असं एका उन्हाळ्यात बदलता येत नाही. म्हणून कोचने आपल्या आधीच्या संघातला एक अनुभवी खेळाडू बरोबर आणला होता, जो त्यांची भाषा कोळून प्यायलेला होता. ओळीत उभा राहून तो बाकीच्यांना समजावायचा. अर्थात आम्हाला डब्लिनला यातलं काही माहीत नव्हतं. आम्हाला माणसं दिसायची ती हेल्मेट आणि पाठीवरचा नंबर.

पहिल्या काही मॅच हरल्यावर कोचनी नवीन फर्मान काढलं. प्रत्येक फसलेल्या प्लेखाली चूक कोणाची ते एका ओळीत लिहायचं, आणि ते लिहायचं डब्लिनने. का, तर म्हणे आमचे मदतनीस कोच एकमेकांना सांभाळून घेतात. डब्लिनच्या लोकांना इथलं कोणी ओळखीचं नाही, ते दिसेल तेच लिहितील. खरं सांगते, मला हे पटलं नव्हतं. पण डायरेक्टर म्हणाले, गिऱ्हाईक मागतंय ते द्या. मग आम्ही चित्र थांबवून त्या खेळाडूभोवती पिवळा गोल काढायचो आणि खाली एक ओळ लिहायचो. डेक्लनला खेळणाऱ्याच्या अंगाची जाण होती, म्हणून ओळी बहुतेक त्याच्याच. पाठवण्याआधी सगळ्या मी वाचायचे.

आणि आमचा संघ आपला हरतच होता. कधी शेवटच्या मिनिटाला, कधी पहिल्याच. एकदा जिंकत आलेली मॅच हातातून घालवली, तेव्हा इथे ऑफिसात दोघांनी डबाच उघडला नाही. रॉयच्या गुड मॉर्निंगमधला गुड हळूहळू गळून गेला.

एका मंगळवारी त्याचा अवेळी फोन आला. आवाज पार बसलेला.

“डब्लिन, तुम्ही लोक काय लिहून पाठवताय?”

“का, काय झालं?”

“कोच मला आज काढून टाकणार आहेत.”

झालं होतं असं. कोचसाहेब आदल्या दिवशी चित्र न बघता नुसत्या आमच्या ओळी कागदावर छापून घरी घेऊन गेले होते. कागदावर पिवळा गोल कुठला असायला? त्यांना दिसलं ते एवढंच: ‘युअर मॅन उशिरा उठला.’ ‘युअर मॅन पुन्हा गडबडला.’ ‘युअर मॅनला आज जमत नाहीये.’ पानभर युअर मॅन. आणि तिकडे संघाच्या इमारतीत ‘कोचचा माणूस’ म्हणजे एकच जण, त्यांनी बरोबर आणलेला तो खेळाडू. सगळे पाठीमागे त्याला तसंच म्हणायचे, हे कोचना चांगलं ठाऊक होतं. आता कागदावरून त्यांना तोंडावर कोणीतरी म्हणतंय, तुमचा माणूस, तुमचा माणूस. कागद छापून देणारा रॉय, जुन्या कोचच्या मर्जीतला. त्यांनी सरळ धरलं की डब्लिनच्या नावावर टोमणे हाच मारतोय.

“मी त्यांना म्हटलं, मी एक अक्षर लिहिलेलं नाही,” रॉय म्हणाला. “ते म्हणाले, मग लिहिणाऱ्याला फोनवर आण. डब्लिन, माझ्यासाठी येशील ना?”

मी डेक्लनला बोलावून सांगितलं. बिचारा आधी लाल झाला, मग पांढरा. “अगं पण युअर मॅन म्हणजे... युअर मॅन,” यापुढे त्याला काही सुचेना. मला माझाच राग आला आणि हसूही. मी ती प्रत्येक ओळ वाचली होती. माझ्या जागी लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा कोणी असता तर पहिल्याच ओळीला थबकला असता. मला ते वाचताना ‘आपला तो हा उशिरा उठला’ असंच ऐकू येत होतं.

फोनच्या वेळी डायरेक्टर खोलीत येऊन बसले. त्यांनी आधीच बजावलं, “वसुधा, माफी मागायची, भाषेचा गैरसमज झाला म्हणायचं आणि फोन ठेवायचा. खेळाडूंबद्दल चकार शब्द नाही.” त्यांचंही चुकत नव्हतं. गिऱ्हाईक हातचं जाईल ही धास्ती होतीच. पण माझ्या डोळ्यांपुढे गिऱ्हाईक नव्हतं, रॉयची बायको होती, जिला मी कधी बघितलेलं नव्हतं.

कोचचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटलं होतं माणूस खेकसेल. उलट इतकं हळू बोलले की स्पीकर मोठा करावा लागला. मी त्यांना समजावून सांगितलं की सर, आयर्लंडमध्ये कोणालाही युअर मॅन म्हणतात. माझ्या भाषेत आम्ही ‘आपला’ म्हणतो, हे लोक ‘तुमचा’ म्हणतात, पण तो माणूस ना आपला असतो ना तुमचा. रॉयचा या ओळींशी काही संबंध नाही. त्या आम्ही लिहिल्या.

“म्हणजे हा माझा माणूस नव्हे.”

“नाही सर.”

डायरेक्टरनी अंगठा वर केला. फोन ठेवायची वेळ झाली होती.

“मग कोण आहे तो?” कोचनी विचारलं. “समोर कॉम्प्युटर असेल ना? पहिली ओळ उघडा. गोल कोणाभोवती आहे?”

मी उघडली. “एकाहत्तर नंबर.”

“पुढची?”

“एकाहत्तर.”

“त्याच्या पुढची?”

मधे एकदा चौसष्ट निघाला, तेव्हा मला खरंच बरं वाटलं. मग परत एकाहत्तर. डायरेक्टर हाताने खुणा करत होते की आवर आता. मलाही कळत होतं की काहीतरी अंगाशी येतंय. ‘वेगवेगळे आहेत सर’ असं गुळमुळीत म्हणता आलं असतं. पण चित्रं त्यांच्याकडेही होती. मी खोटं बोलले असं एकदा दिसलं असतं, तर मग रॉयबद्दल मी सांगितलेलं खरं कोणी धरलं असतं?

“बहुतेक एकाहत्तरच आहे, सर,” मी म्हटलं.

मग ते म्हणाले, “एकाहत्तर माझा माणूस आहे, हे तुम्हाला रॉयने सांगितलं?”

“नाही,” मी म्हटलं. “हे आत्ता तुम्हीच सांगितलंत.”

डेक्लन इतका वेळ माझ्या मागे जमिनीकडे बघत उभा होता. तो एकदम फोनकडे वाकून म्हणाला, “त्याचा डावा गुडघा गेलाय. माझा गेला तेव्हा मी असाच उठायचो. त्याला काय करायचं ते सगळ्यांच्या आधी कळतं, पण अंग मागून येतं.”

कोच म्हणाले, “ते मला माहीत आहे.” आवाज तसाच हळू. “बरेच दिवस माहीत आहे.” मग म्हणाले, “रॉयला सांगा, उद्याच्या सरावाला कॅमेरे नेहमीच्या जागी लावायचे.” आणि फोन ठेवला.

रॉय वाचला. नोकरी राहिल्याचं सांगायला त्याचा फोन आला तेव्हा तो रडत होता आणि मीही. डायरेक्टर आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले, मग विसरले. डेक्लनला मी फर्मान काढलं की यापुढे माणसाला नंबराने लिहायचं. त्याने इमानेइतबारे लिहिलं, पण बोलताना मात्र शेवटपर्यंत नाही सुधारला.

पुढच्या मंगळवारी संघाने एकाहत्तर नंबरला मोकळं केलं. त्या धंद्यात मंगळवार तसल्याच कामाचा असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. सीझनच्या मध्यात, गुडघा गेलेला, वय झालेलं. तुम्ही म्हणाल, त्यात तुझा काय दोष? दोष नाहीच. विचारलं तर पुन्हा तेच खरं सांगेन. पण एक नोकरी वाचवायला गेले आणि दुसरी गेली, हे टोचायचं ते टोचलंच. संघ त्याच्यानंतरही हरत राहिला, आणि सीझन संपल्यावर कोचनाही निरोप मिळाला. नवे आले, त्यांनी गावांची नावं पुसली.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. एकाहत्तरला मोकळं केल्यावर दोन-तीन दिवसांनी रॉयचा फोन आला. असा खेळाडू दुसरीकडे काम शोधताना आपल्या चांगल्या खेळाची चित्रफीत पाठवतो. ती बनवून देणं रॉयचं काम, पण त्याच्यापुढे पुढच्या मॅचचा ढीग पडला होता. “तुमच्याकडे सगळं कापून तयार आहे, डब्लिन. याचे चांगले प्ले शोधून देता का? बटणाचं तर काम आहे.”

मी बटण दाबलं. एकाहत्तर म्हणून शोधलं तर चुकांची ही रांग उभी राहिली. चांगलं शोधायला गेले तर काहीच येईना. येणार कुठून? कोणी काय चांगलं केलं, हे आम्हाला कोणी लिहायला सांगितलंच नव्हतं. चालणाऱ्या चालीत माणसाभोवती गोल काढत नाहीत. त्याने आपलं काम चोख केलं की आमच्या पडद्यावर तो दिसेनासाच व्हायचा.

मग मी आणि डेक्लन खुर्च्या जोडून बसलो आणि सीझनच्या सगळ्या मॅच पहिल्यापासून बघायला घेतल्या. नुसत्या डोळ्यांनी, त्या एकाच माणसाकडे बघत. तीन दुपारी गेल्या. आणि मिळत गेले की चांगले प्ले. कोणीतरी पळत सुटून वाहवा मिळवतो, आणि त्याच्या मागे हा एकटा दोघांना रोखून धरून उभा असतो. चेंडू सुटण्याआधी शेजारच्याला बोट दाखवून काहीतरी सांगतो, आणि धोका नेमका तिथूनच येतो. डेक्लन मधेच म्हणायचा, “हे बघ, हे बघ, काय उभा राहिलाय.” एके ठिकाणी आपला जखमी गुडघा मुडपून तो पडलेल्या पोराला हात देऊन उठवतो. हे कुठल्याच संघाच्या उपयोगाचं नव्हतं. तेही आम्ही ठेवलं.

त्याला पुढे कुठे काम मिळालं नाही. एका संघाने बोलावलं, गुडघा तपासला आणि परत पाठवलं, असं रॉयनेच नंतर सांगितलं. त्याच फोनवर त्याने हेही सांगितलं की चित्रफीत न्यायला एकाहत्तर स्वतः आला होता. रॉयच्या खोलीत बसून त्याने ती पूर्ण पाहिली. संपल्यावर विचारलं, “हे निवडलं कोणी?”

रॉय म्हणाला, “डब्लिनच्या लोकांनी.”

“तेच? माझ्या चुका लिहिणारे?”

“हो, तेच.”

तो बंद पडद्याकडे बघत म्हणाला, “परत एकदा लाव.”